कारखान्यातली नासाडी आणि नफा: नागपूरच्या लघुउद्योजकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंगणा, बुटीबोरी आणि कळमेश्वरच्या छोट्या कारखान्यांतून मला पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न फॅब्रिकेशन, मशिनिंग, प्रेस शॉप आणि दाल मिलवाल्यांचे आहेत. उदाहरणांतले दर समजण्यापुरते धरले आहेत. तिथे तुमचे दर घालून हिशेब करा.

१. नासाडी म्हणजे भंगारच ना? आमच्याकडे भंगार फार निघत नाही.

भंगार डोळ्यांना दिसतं म्हणून आधी त्याचं नाव येतं. गिऱ्हाईक ज्या कामाचे पैसे देतं, त्याखेरीज शेडमध्ये जे जे घडतं ते सगळं नासाडीत धरायचं. टोयोटाचे ताइइची ओनो यांनी तिचे सात प्रकार सांगितले: गरजेपेक्षा जास्त उत्पादन, वाट पाहणं, मालाची ने-आण, नको असलेली प्रक्रिया, साठा, माणसांची विनाकारण हालचाल आणि सदोष माल. कामगाराच्या डोक्याचा उपयोग करून न घेणं हा आठवा प्रकार पुढे इतरांनी जोडला.

हे पाठ करत बसू नका. पत्र्याचा एक ब्रॅकेट घ्या आणि त्याच्यामागे फिरा. शिअरिंग (कापणं), पंचिंग (भोकं पाडणं), बेंडिंग (वाकवणं), वेल्डिंग मिळून त्याच्यावर प्रत्यक्ष काम होतं पाच-सात मिनिटं. तोच ब्रॅकेट तुमच्या शेडमध्ये राहतो आठ-दहा दिवस. बाकीचा सगळा वेळ तो ट्रॉलीत, क्रेटमध्ये किंवा कोपऱ्यात पडून असतो आणि त्यात तुमचा पैसा अडकलेला असतो.

२. कात्रण आम्ही विकतोच. मग त्यात नुकसान कसलं?

२५०० × १२५० मिमीचा, २ मिमी जाडीचा पोलादी पत्रा साधारण ४९ किलो भरतो. समजा तो ६० रुपये किलोने घेतला. त्यातून ३७ किलोचे जॉब (गिऱ्हाईकाला द्यायचे भाग) निघाले आणि १२ किलो कात्रण राहिलं. त्या १२ किलोला तुम्ही ७२० रुपये मोजले होते; भंगारात ३० रुपयांनी ३६० मिळाले. एका पत्र्यामागे ३६० रुपये गेले. रोज १५ पत्रे आणि महिन्याला २५ दिवस धरले तर हा आकडा १ लाख ३५ हजारांवर जातो. भंगारवाला मात्र हातात रोख देऊन जातो, त्यामुळे मनात ती कमाई म्हणूनच बसते. माझं ठाम मत आहे की भंगाराचे पैसे हिशेबात कधीही ‘इतर उत्पन्न’ म्हणून दाखवू नयेत. ते कच्च्या मालाच्या खर्चासमोर मांडा, म्हणजे किती गेलं ते दर महिन्याला दिसेल.

उपाय बहुतेक वेळा कटिंग प्लॅनमध्येच असतो. एकाच जाडीचे दोन-तीन पार्टींचे जॉब एका पत्र्यावर बसवा. महिन्याची खरेदी पुरेशी असेल तर पुरवठादाराकडून कॉइलमधून हव्या त्या लांबीचे पत्रे कापून मागवा. एक सांभाळा: जागा वाचवायला जॉब ९० अंशांत फिरवला आणि बेंडची रेघ रोलिंगच्या दिशेला समांतर आली, तर जाड किंवा कडक पत्रा वाकवताना चिरतो. प्लॅनवर रोलिंगच्या दिशेचा बाण काढल्याशिवाय जॉब फिरवू देऊ नका.

रंग लावून तयार झालेला जॉब रिजेक्ट झाला तर त्याचा हिशेब वेगळा आहे. तिथे पत्र्यासोबत मजुरी, वीज, पावडर आणि मशीनचा वेळही भंगारात जातो.

३. सुरुवात कुठून करायची? आधी सॉफ्टवेअर घ्यावं का?

सॉफ्टवेअर आत्ता नको. एक मशीन निवडा, जिच्यापुढे माल तुंबतो ती. तिथे एक वही बांधा आणि दोन आठवडे तीनच गोष्टी लिहायला सांगा: मशीन किती वाजता थांबली, किती वाजता सुरू झाली, का थांबली. मशीन चालवणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत लिहावं. “क्रेन रिकामी नव्हती”, “ड्रॉइंग सापडलं नाही”, “पंच बोथट” अशी कारणं येतील आणि त्यातली बरीचशी मालकाने कधी ऐकलेली नसतील.

रिजेक्शनसाठी तीन रंगांचे तीन डबे ठेवा: सेटिंग करताना (मशीन नव्या जॉबसाठी जुळवताना) गेलेले पीस, चालू उत्पादनात बिघडलेले पीस आणि कच्च्या मालातच दोष असलेले पीस. शिफ्ट संपली की डबे वजनकाट्यावर घ्या. तिघांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. एकाच ढिगात टाकले की कारण शोधायची वाटच बंद होते.

वहीतून कुणाला दंड करायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगा. एकदा जरी वही दाखवून कुणाला बोललात, तरी दुसऱ्या दिवसापासून तिथे खोटं लिहिलं जाईल.

४. आमचा प्रत्येक टप्प्यावर ९७ टक्के माल पास होतो. हे चांगलंच आहे ना?

एका टप्प्यापुरतं ठीक वाटतं. असे पाच टप्पे असतील तर ०.९७ ला पाच वेळा गुणा: उत्तर येतं सुमारे ८६ टक्के. म्हणजे शंभर पीस सुरू केले तर पहिल्याच खेपेत, कुठेही घासून-ठोकून न सुधारता, ८६ च शेवटपर्यंत पोचतात. बाकीचे १४ एकतर भंगारात जातात किंवा रीवर्कला. रीवर्क झालेला पीस ‘पास’ या रकान्यात लिहिला जातो, म्हणून रोजच्या रिपोर्टमध्ये हा खर्च दिसत नाही. रीवर्कसाठी वेगळा रकाना करा.

५. मशीन दिवसभर चालू असते, तरी माल कमी का निघतो?

‘चालू असते’ हे मोजून पाहा. शिफ्ट ४८० मिनिटांची, त्यातली ३० चहा-जेवणाची, उरली ४५०. सेटिंग, बिघाड आणि वाट पाहण्यात ९० गेली, तर मशीन चालली ३६० मिनिटं, म्हणजे ८० टक्के. मिनिटाला एक या वेगाने ३६० पीस यायला हवे होते, आले २८८: वेग ८० टक्के. त्यातले चांगले २८०, सुमारे ९७ टक्के. तिन्हींचा गुणाकार ६२ टक्के. पडताळायचं असेल तर २८० ला ४५० ने भागा, तेवढंच येतं. या आकड्याला ओईई (मशीनची एकूण परिणामकारकता) म्हणतात.

आकडा कमी आला म्हणून खचून जाऊ नका आणि दुसऱ्या कारखान्याच्या आकड्याशी तुलनाही करू नका. वेळ, वेग आणि चांगला माल या तिघांतलं कुठलं घर रिकामं आहे ते बघा. माझ्या अनुभवात छोट्या शेडमध्ये बहुतेक वेळा पहिलंच घर गळतं आणि त्यात सर्वांत मोठा वाटा सेटिंगचा असतो. त्यासाठी पुढचा प्रश्न वाचा.

६. डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बदलायला दोन-अडीच तास जातात, म्हणून आम्ही एकदाच हजार पीस मारून घेतो. चूक काय?

दोन तास वाचवायला तुम्ही महिन्याभराचा पत्रा आजच खर्च करता. त्या हजारातले दोनशे आज जायचे असतात, आठशे रॅकवर पडतात. पावसाळ्यात त्यांना गंज चढतो. पार्टीने ड्रॉइंग बदललं तर ते सगळे भंगारात. शिवाय डाय बिघडली हे बेंडिंगवाल्याला कळेपर्यंत हजारच्या हजार पीसना तोच दोष आलेला असतो. ओनोंनी जास्तीच्या उत्पादनाला सर्वांत वाईट नासाडी म्हटलं ते यासाठीच, कारण बाकीच्या सगळ्या नासाड्या त्याच्या पोटातून येतात.

वाट उलटी आहे: बॅच मोठी करण्याऐवजी डाय बदलायचा वेळ छोटा करा. शिगेओ शिंगो या जपानी अभियंत्याने १९६९ मध्ये टोयोटातल्या १००० टनी प्रेसची चार तासांची सेटिंग आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणली. त्याची पद्धत आपल्या ६० टनी प्रेसवरही चालते.

पहिल्यांदा एका सेटिंगचा मोबाइलवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत व्हिडिओ काढा आणि तो ऑपरेटरसोबत बसून पाहा. प्रत्येक कामापुढे खूण करा: हे मशीन बंद असतानाच होऊ शकतं, की चालू असतानाही झालं असतं? डाय स्टोअरमधून आणणं, पाना शोधणं, बोल्ट निवडणं, पहिल्या पीससाठी पत्रा आणणं, तपासणीचा गेज शोधणं ही सगळी कामं आधीची बॅच चालू असतानाच उरकता येतात. कित्येक ठिकाणी एवढ्यानेच वेळ निम्म्यावर येतो, एक रुपयाही न घालता.

मग उरलेल्या कामांकडे वळा. सगळ्या डायच्या खालच्या प्लेटची जाडी सारखी करून घ्या, म्हणजे दर वेळी क्लॅम्प आणि पॅकिंग बदलावं लागत नाही. शट हाइट (डाय बंद असतानाची उंची) सारखी करता आली तर स्लाइड वर-खाली करणंही वाचतं. डाय मागे टेकण्यासाठी स्टॉपर बसवा. टेप लावून, ठोकून मध्य शोधणं बंद होतं. डायची गाडी बेडच्या उंचीइतकी करा. या कामांना थोडा खर्च येतो, पण तो तुमच्याच टूलरूममध्ये भागतो.

वाचलेला वेळ कुठे घालायचा, हे मात्र आधी ठरवा. सेटिंग अर्ध्या तासावर आली आणि बॅच हजाराचीच ठेवली, तर मिळालं फार थोडं. दोनशेची बॅच करा आणि आठवड्यातून जास्त वेळा डाय बदला.

७. माल तयार असला की गिऱ्हाईक परत जात नाही. स्टॉक कमी करून धंदा गमवायचा का?

तयार मालाचा थोडा स्टॉक काही धंद्यांना लागतोच. माझा रोख अर्धवट मालावर आहे. त्याचा हिशेब सोपा: शेडमध्ये अर्धवट पीस ६०० आणि रोज बाहेर पडतात ५०, तर आज आत आलेल्या पत्र्याला बाहेर पडायला १२ दिवस लागणार. अर्धवट पीस ३०० वर आणले की तोच माल सहा दिवसांत जातो. गिऱ्हाईक टिकतं ते या वेगामुळे. प्रत्येक दोन मशीनच्या मध्ये जमिनीवर पिवळ्या पट्ट्याने चौकोन आखा. चौकोन भरला की मागच्याने थांबायचं. माणूस रिकामा उभा दिसतो तेव्हा मालकाला त्रास होतो, मला ठाऊक आहे. तरी त्याला पुढच्या मशीनवर मदतीला पाठवा, पण माल वाढवू देऊ नका.

८. विजेचं बिल यात येतं का?

येतं, आणि सर्वांत सोपे पैसे इथेच आहेत. रविवारी सगळ्या मशीन बंद असताना कॉम्प्रेसर सुरू करून शेडमध्ये फिरा. जिथे जिथे ‘सूं’ आवाज येतो तिथे खडूने खूण करा. सात बार दाबाला ३ मिमीच्या एका छिद्रातून निसटणाऱ्या हवेमागे साधारण ३ किलोवॉट वीज जाते. वर्षाला ६००० तास धरले तर १८ हजार युनिट. आठ रुपयांनी १ लाख ४४ हजार रुपये, एका छिद्राचे. बिघडलेलं कपलिंग बदलायला किती लागतात ते तुम्हाला ठाऊक आहेच.

दाबाचंही तसंच. मशीनला सहा बार पुरत असताना आठवर ठेवायची सवय असते. एक बार कमी केला तर कॉम्प्रेसरची ६ ते १० टक्के वीज वाचते. नागपुरात आणखी एक गोष्ट महत्त्वाची: आत ओढली जाणारी हवा दर ४ अंशांनी तापली की वीज सुमारे १ टक्का जास्त लागते. पत्र्याच्या बंद खोलीत, स्वतःच्याच गरम हवेत घुसमटणारा कॉम्प्रेसर मे महिन्यात किती खातो याचा विचार करा. त्याची हवा सावलीतल्या, उत्तरेकडच्या भिंतीबाहेरून घ्या.

अंग किंवा कपडे झटकायला हवेची नळी वापरू देऊ नका. ती महाग आहे, त्याहून जास्त धोक्याची आहे.

९. फाइव्ह एस म्हणजे साफसफाईच ना? दसऱ्याला आम्ही करतो.

दसऱ्याला केलेलं दिवाळीपर्यंत टिकत नाही. नको ते काढणं, हवं त्याला जागा ठरवणं, झाडून-पुसून तपासणं, ही पद्धत लिहून ठेवणं आणि रोज पाळणं, अशा त्याच्या पाच पायऱ्या आहेत. कसोटी एकच लावा: नव्या हेल्परला १३ चा पाना आणायला सांगा आणि घड्याळ पाहा. अर्ध्या मिनिटात आणला तर तुमचं फाइव्ह एस ठीक आहे.

१०. काम कमी माणसांत होऊ लागलं तर माणसं कमी करून नफा वाढवावा का?

करू नका. एका कारखान्यात मी हे होताना पाहिलं आहे. ज्या हेल्परने ट्रॉलीची कल्पना सुचवली, त्या ट्रॉलीमुळे त्याच्याच जोडीदाराची गरज संपली आणि महिन्याअखेरीस त्या जोडीदाराला घरी पाठवलं. त्यानंतर त्या शेडमधून एकही सूचना आली नाही. मालक वर्षभर म्हणत राहिले, “आमची माणसं बोलतच नाहीत.”

मोकळी झालेली माणसं ओव्हरटाइम कमी करायला, बाहेर दिलेलं काम आत आणायला आणि नवीन ऑर्डर पेलायला वापरा. गावाकडे पेरणी किंवा कापूस वेचणी निघाली, पोळा-मारबतीचे दिवस आले की हजेरी घटते हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. दोन मशीन येणारा माणूस अशा वेळी सोन्याचा असतो. त्याला मोकळ्या वेळात शिकवून ठेवा. आणि सूचना मान्य झाली तर ती कुणाची, हे फलकावर नावानिशी लिहा.

११. तोच जॉब सकाळी पास होतो आणि एप्रिल-मे महिन्यात दुपारी रिजेक्ट होतो. ऑपरेटर शपथ घेऊन सांगतो की काही बदललं नाही.

ऑपरेटर खरं सांगत असण्याची शक्यता मोठी आहे. ड्रॉइंगवरची मापं २० अंश सेल्सिअसला धरलेली असतात. १०० मिमीचा ॲल्युमिनियमचा जॉब ४५ अंशांना सुमारे ०.०५८ मिमी वाढतो, पोलादाचा त्याच्या निम्मा, सुमारे ०.०२९. मोजणारं साधनही पोलादाचं असेल आणि जॉबच्याच तापमानाला असेल तर पोलादी जॉबमधला फरक जवळजवळ मिटतो. जॉब ॲल्युमिनियमचा असेल किंवा नुकताच मशीनवरून गरमच उतरलेला असेल तर मिटत नाही. टॉलरन्स (मापात चालणारा फरक) जर वीस-तीस मायक्रॉनची असेल, तर तुम्ही दुपारी चांगला माल फेकत असाल आणि त्याहून वाईट म्हणजे वाईट माल पासही करत असाल.

जॉब आणि गेज एकत्र, थंड खोलीत पुरेसा वेळ ठेवून मग मोजा. तेवढी खोली नसेल तर मास्टर पीस त्याच धातूचा करून घ्या आणि दर दोन तासांनी त्याच्याशी तुलना करा. कूलंटकडेही (कापताना वापरायच्या तेल-पाण्याकडेही) पाहा: उन्हाळ्यात पाणी उडतं आणि तेलाचं प्रमाण वाढतं, मग कुणीतरी नुसतं पाणी ओततं आणि ते फार पातळ होतं. रोज सकाळी रिफ्रॅक्टोमीटरवर (तेलाचं प्रमाण दाखवणाऱ्या साधनावर) एक थेंब पाहणं पुरेसं आहे.

१२. आमची दाल मिल आहे. हे सगळं इंजिनिअरिंगवाल्यांसाठी आहे का?

तुमच्याकडे तर हिशेब आणखी थेट आहे. प्रत्येक लॉटला तूर किती गेली आणि डाळ, चुनी (डाळीचा बारीक चुरा), टरफल, माती-खडा किती निघाले ते तोला. सगळ्यांची बेरीज आणि सुकवताना उडालेलं पाणी मिळून तूर जुळली पाहिजे. जुळत नसेल तर काहीतरी उडतंय, सांडतंय किंवा जातंय. चुनी पशुखाद्यात विकली जाते म्हणून ती गोड वाटते, पण तिचा भाव डाळीच्या जवळपासही नसतो (प्रश्न २ मधला कात्रणाचा हिशेब इथे तसाच लागू होतो). चुनी वाढण्याचं नेहमीचं कारण म्हणजे लहान-मोठा दाणा एकत्र रोलरला जाणं. लहान दाण्याची साल निघेपर्यंत मोठा घासून घासून बारीक होतो. आधी चाळणीवर प्रतवारी करा आणि प्रत्येक प्रतीला रोलरचं अंतर वेगळं ठेवा.

१३. जॉबवर्कचा (मजुरीवर घेतलेल्या कामाचा) पत्रा पार्टीचा असतो. भंगार कुणाचं?

ऑर्डरमध्ये जे लिहिलं असेल ते. लिहिलेलं नसेल तर वाद होणारच, म्हणून किती टक्के कात्रण मान्य आणि ते कुणाकडे राहणार हे आधीच लिहून घ्या. जीएसटीच्या नियमांत जॉबवर्कला दिलेला कच्चा माल एका वर्षात परत यावा लागतो. भंगार मात्र नोंदणीकृत जॉबवर्करला आपल्या जागेवरूनच कर भरून विकता येतं. तुमची नोंदणी नसेल तर ती विक्री पार्टीने दाखवायची. भंगार तुमच्याकडे राहणार असेल तर तुमच्या मजुरीचा दर कमी धरलेला असतो. तो हिशेब तपासून पाहा, भंगाराचा भाव पडला की तोटा तुमचा असतो.

१४. वापरलेलं तेल आणि तेलकट चिंध्या नेहमीच्या भंगारवाल्याला दिल्या तर चालतात का?

चालत नाही. ते २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतं. वापरलेलं तेल फक्त परवानाधारक रिसायकलरलाच द्यायचं, सोबतचं मॅनिफेस्ट (कचरा कुठून कुठे गेला याचा कागद) जपून ठेवायचं आणि साठा साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात तुमच्यासाठी जे प्रमाण लिहिलं आहे ते वाचा. तेल आणि पाणी वेगळं करणारा साधा स्किमर लावला तर कूलंट जास्त दिवस टिकतो आणि हा कचराच कमी होतो.

१५. सरकारकडून काही मदत मिळते का?

केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाने मार्च २०२३ मध्ये नासाडी कमी करण्यासाठीची ‘एमएसएमई कॉम्पिटिटिव्ह लीन’ योजना नव्या रूपात सुरू केली. तिचे बेसिक, इंटरमीडिएट आणि ॲडव्हान्स्ड असे तीन स्तर आहेत, आणि सल्लागाराच्या खर्चातला ९० टक्के वाटा केंद्र उचलतं. उद्यम नोंदणी लागते. माझा सल्ला: सल्लागार बोलवण्याआधी प्रश्न ३ मधली वही दोन आठवडे भरा. नाहीतर त्याचे पहिले कित्येक दिवस तुमच्याकडे नसलेली माहिती गोळा करण्यातच जातात.

१६. सहा महिने सगळं केलं, कागदावर बचत दिसते, पण सीए म्हणतात नफा तेवढाच. असं कसं?

याची दोन कारणं असतात. पहिलं: सुधारणा चुकीच्या मशीनवर झाली. पंचिंग दिवसाला ४०० पीस काढतं, बेंडिंग २५० आणि वेल्डिंग ३००. तुम्ही पंचिंग ५०० वर नेलं तरी गेटबाहेर २५० च जाणार. वाढला तो बेंडिंगपुढचा ढीग. तोच प्रयत्न बेंडिंगवर करून रोज २० पीस वाढवले आणि कच्चा माल वजा जाता पीसमागे ४५ रुपये सुटत असतील, तर महिन्याच्या २५ दिवसांत २२,५०० रुपये येतात. तेही त्या २० पिसांना गिऱ्हाईक असेल तरच. म्हणून वाचलेले तास हे पैसे म्हणून लिहू नका. पत्रा, वीज, ओव्हरटाइम आणि बाहेर दिलेलं काम, यांच्या बिलात जे कमी झालं तेवढंच लिहा.

दुसरं कारण हिशेबाचं आहे आणि ते माहीत नसल्याने कित्येकांनी चांगलं चाललेलं काम मध्येच सोडलं आहे. साठ्याच्या किमतीत मागच्या महिन्यांची मजुरी आणि शेडचा खर्च धरलेला असतो. साठा कमी केला की तो जुना खर्च या महिन्यांच्या नफ्यातून वजा होतो आणि नफा तात्पुरता कमी दिसतो. त्याच वेळी नवा पत्रा कमी घ्यावा लागलेला असतो, म्हणून रोकड वाढते. साठा नव्या पातळीवर स्थिरावेपर्यंत नफ्याच्या आकड्यासोबत पत्र्याच्या खरेदीची बिलं आणि कॅश क्रेडिट खात्याची उचल किती खाली आली ते समोर ठेवून सीएंशी बोला.